बाळोती धुवायची कुणी? पाळणाघराच्या निमित्ताने थोडा इतिहास



गेल्या वर्षभरात आपल्या मंडळातल्या तीन-चार सुनांनी मला एकच प्रश्न विचारला. रजा संपली, नोकरीवर जायचे आहे, बाळ सात-आठ महिन्यांचे आहे. पाळणाघरवाल्या म्हणतात, "डायपर घालूनच आणा." घरी सासूबाई म्हणतात, "आमची चार-चार मुलं लंगोटावर वाढली, तुम्हालाच कसं जमत नाही?" मधल्या मधे त्या पोरीला वाटते, आपणच कुठेतरी कमी पडतो.

पाळणाघराचे म्हणणे खोटे नाही, सासूबाईंचेही नाही. तरी दोघींच्या बोलण्यात एक गोष्ट सुटते. कापडाच्या बाळोत्यामागे नेहमी धुणारे हात, पाणी आणि ऊन लागते. हे तिन्ही कुणी आणि कुठून पुरवायचे, हा खरा प्रश्न आहे. तो आजचा नाही, आपल्याकडे त्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो कळला की भांडण निम्मे मिटते, म्हणून आज तोच सांगते.

जुनेरापासून सुरुवात

बाळोते विकत आणायची वस्तू नव्हती. नऊवारी लुगडे नेसून नेसून मऊ झाले की त्याला जुनेर म्हणायचे. सातव्या महिन्यापासून आजी, आत्या जुनेर आणि जुनी धोतरे फाडून चौकोन करून ठेवत. नवे कापड बाळाला लावत नसत. त्यात शास्त्रही आहे. कोऱ्या सुती कापडात खळ असते, ते पाणी नीट शोषत नाही. अनेकदा धुतले की धागा मोकळा होतो आणि शोषू लागतो. आपल्या आज्यांना हे कुणी शिकवले नव्हते, हाताला कळले होते.

बाळोते, लंगोट, दुपटे, झबले, कुंची, खाली मेणकापड, त्यावर गोधडी. बाळंतिणीच्या खोलीत ही सगळी मांडामांड असे. आता धुणारे हात मोजा. बाळंतीण सव्वा महिना पाण्यात हात घालत नसे. आजी, मावशी, धाकटी जाऊ, कधी शेजारची एखादी. गावात परीट बलुतेदार असे, बाळंतिणीचे मोठे कपडे त्याच्याकडे जात. त्या कामाला मान कमी आणि मोबदला सुगीतल्या धान्याचा, हेही विसरू नये. रोजची बाळोती मात्र घरातच निघत. रिठा, सोडा, नाहीतर नुसते गरम पाणी, आणि मग आपल्या मराठवाड्याचे ऊन. ओले बाळोते दोरीवर टाकले की उन्हाळ्यात घटकाभरात वाळते.

म्हणजे सासूबाईंची चार मुले लंगोटावर वाढली हे खरेच, पण एकट्या सासूबाईंनी ती वाढवली नव्हती. त्या लंगोटांमागे एक अख्खे घर राबत होते.

ज्यांच्याकडे जुनेरही नव्हते

हे सगळे ज्यांच्या घरी चार लुगडी होती त्यांचे. ज्या बाईच्या अंगावर एकच लुगडे आणि धुवायला दुसरे नाही, तिच्या बाळाला बाळोते कुठले? ते उघडेच असे. आई खुरपायला गेली की बांधावरच्या बाभळीला झोळी, नाहीतर मोठ्या बहिणीची कडेवरची जागा. १९७२ च्या दुष्काळात आपल्या भागात हजारो बायका खडी फोडायला आणि बंधाऱ्यांच्या कामाला गेल्या. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. त्या कामांच्या कडेला किती झोळ्या लटकल्या असतील याचा कुणी हिशेब ठेवला नाही. पुढे २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात मात्र लिहिले गेले की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुले असतील, तर बायकांपैकी एकीला ती सांभाळायला नेमावे आणि तिला मजुरी द्यावी. मूल सांभाळणे हे मजुरीचे काम आहे, हे मान्य व्हायला इतका काळ जावा लागला.

गिरणीतला पाळणा

पाळणाघराची आपल्याकडची मोठी गोष्ट मुंबईच्या गिरण्यांत सुरू होते. १९२१-२२ च्या सुमारास मुंबई सरकारसाठी गिरणी कामगार बायकांची पाहणी डॉ. बार्न्स या डॉक्टर बाईंनी केली. त्यांनी नोंदवले की या बायकांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जाते. आई दहा तास यंत्रावर, घरी सांभाळायला कुणी नाही. बाळ रडू नये, निजून राहावे, म्हणून अफूची गोळी. त्या आयांना दोष द्यायला जीभ उचलत नाही. बाळ निजलेले असले की बाळोते बदलायचाही प्रश्न नाही. ओल्यातच पडून राहायचे.

मग एकेक पाऊल पडत गेले. १९२९ मध्ये मुंबई प्रांताने प्रसूती लाभाचा कायदा केला, देशातला तो पहिला. १९३४ च्या कारखाना कायद्याने पन्नासपेक्षा जास्त बायका असलेल्या कारखान्यात मुलांसाठी खोली ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांतांना दिला. आणि १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४८ व्या कलमाने पाळणाघर सक्तीचे झाले. १९७६ मध्ये पन्नासाचा आकडा तीसवर आला.

त्या कलमातली एक ओळ आपल्या विषयाची आहे. राज्य सरकारला नियम करून मुलांचे कपडे धुण्याची आणि बदलण्याची योग्य सोय मागता येईल, असे त्यात स्पष्ट होते. त्याखाली राज्यांनी जे नियम केले त्यात तर हिशेबच आला. पाळणाघराला लागून न्हाणीघर हवे, चार मुलांमागे एक पात्र हवे, प्रत्येक मुलामागे दिवसाला निदान पाच गॅलन, म्हणजे साधारण तेवीस लिटर पाणी हवे. शिवाय साबण, स्वच्छ कपडे आणि टॉवेल.

विचार करा मैत्रिणींनो. ज्या काळात डायपर नव्हते, त्या काळात कायदा करणाऱ्यांना एवढे कळले होते की पाळणाघर म्हणजे नुसते पाळणे आणि एक आया नव्हे. पाळणाघर म्हणजे पाणी आणि धुणे. कापडाचे बाळोते आणि पाळणाघर यांचे जुळते, पण ती सोय कुणीतरी पुरवावी लागते. तिथे ती कारखान्याच्या मालकाने पुरवायची होती. शेतात, बाजारात, घरकामाला जाणाऱ्या बाईला मात्र त्यातले काही मिळाले नाही.

बोर्डी, कोसबाड आणि बांधकामावरचे पाळणे

दुसरी गोष्ट खेड्यातली. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. वाड्या-वस्त्यांवरची मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसले, तेव्हा या बायका शाळाच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. 'अंगणवाडी' हा शब्द तिथून आला. आधी मुलांना अंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी. पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत काम करताना त्यांना दिसले की मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, कारण कडेवर धाकटे भावंड असते. म्हणून विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी आणली. धाकट्याला सांभाळायला कुणी असले, तर थोरलीच्या हातात पाटी येते. बाळोती बदलण्याचे काम नेहमी कुणाच्या तरी शिक्षणातून किंवा झोपेतून वजा होत आले आहे, ते इतके लख्ख दुसरीकडे दिसत नाही.

१९६९ मध्ये दिल्लीत राजघाटाजवळ गांधी शताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू होते. तिथल्या मजूर बायकांची तान्ही मुले धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तंबूतच पाळणाघर सुरू केले. तेच मोबाइल क्रेश. काही वर्षांत ते काम मुंबईत आणि नंतर पुण्यातही आले. २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली. पण अंगणवाडी काही तासांची, आणि मुख्यतः तीन वर्षांपुढच्या मुलांची. आठ महिन्यांच्या बाळाला सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ठेवायची सोय ती नव्हे.

पिनेपासून डायपरपर्यंत

तिकडे अमेरिकेत वॉल्टर हंटने १८४९ मध्ये सेफ्टी पिनचे पेटंट घेतले आणि लंगोट गाठीऐवजी पिनेने बसू लागला. १९५१ मध्ये मॅरियन डोनोव्हन या आईने बाळोत्यावरच्या जलरोधक चड्डीचे पेटंट मिळवले. तिने पहिला नमुना न्हाणीघराच्या पडद्याच्या कापडातून शिवला होता. १९६१ मध्ये पॅम्पर्स बाजारात आले. ऐंशीच्या दशकात डायपरमध्ये पाणी धरून ठेवणारी रासायनिक पूड घालू लागले, तेव्हापासून ते पातळ झाले आणि तासन् तास कोरडे वाटू लागले.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात हगीज आणि मग बाकीची नावे आली. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला. कचेऱ्या, बँका, शाळा, दवाखाने वाढले, बाहेरगावची जोडपी बदलीवर आली. आपल्या घरांतल्या मुलीही शिकून नोकरीला लागल्या. वाड्यातले मोठे घर सुटले आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आजीही नाही, धाकटी जाऊही नाही. गेले ते हात, आणि त्यांच्या जागी डायपर आले. एका ताईने दहा-बारा मुले सांभाळायची, तर तिला चार-चार तास बदलावे न लागणारे काहीतरी हवेच. पाळणाघराच्या "डायपर घालूनच आणा"मागे हे गणित आहे, आळस नाही.

मग ते जाते कुठे?

धुणे आपल्या घरातून गेले, पण संपले नाही. ते दुसऱ्याच्या हातात गेले. घंटागाडीवरचे भाऊ आणि कचरा वेचणाऱ्या बायका ते हाताने वेगळे करतात. २०१३ मध्ये पुण्यातल्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने वापरलेले सॅनिटरी नॅपकिन गोळा करून थेट कंपन्यांना परत पाठवले होते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी डायपर आणि नॅपकिन नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकावेत असे सांगितले, आणि त्यासाठी पुडा पुरवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. दुकानातल्या किती पाकिटांत असा पुडा निघतो, ते तुम्हीच पाहा.

आपल्याला तर हा विचार घरातच शिकवलेला आहे. पाच समितींतली शेवटची उत्सर्ग समिती. साधू-साध्वी मलमूत्र कुठेही टाकत नाहीत, जागा पाहून, जीव नसलेल्या जागी विसर्जित करतात. मलमूत्राच्या ओलीत संमूर्च्छिम जीव उत्पन्न होतात, म्हणून ओल साठवायची नाही, असे आपण लहानपणापासून ऐकतो. महाव्रते साधूंची, आपण गृहस्थ. तरी प्लास्टिकमध्ये बांधलेली ती ओल कचऱ्याच्या ढिगात वर्षानुवर्षे राहते, हे डोळ्याआड करता येत नाही.

पण म्हणून कापड आपोआप पुण्याचे, असेही नाही. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २००८ मध्ये हिशेब मांडला. अडीच वर्षांच्या वापरात एका मुलामागे डायपरचे सुमारे ५५० किलो कार्बन उत्सर्जन, तर कापडाचे ५७०. जवळपास सारखेच! कारण तिकडे कापड गरम पाण्यात धुवून अनेकदा वीज जाळून वाळवतात. तेच कापड यंत्र पूर्ण भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि दुसऱ्या बाळालाही वापरले, तर उत्सर्जन सुमारे चाळीस टक्के कमी होते. म्हणजे आजीची पद्धतच ती! दोरी, ऊन आणि थोरल्याची बाळोती धाकट्याला. हिंगोलीत ऊन फुकट आहे. उन्हाळ्यात पाणी मात्र फुकट नाही, म्हणून धुणे नेमके हवे.

पाळणाघरात कापड कसे जमवायचे

माझ्या भाचीने हे गेल्या वर्षी जमवले. तिची पद्धत आणि त्यावर मला सुचलेले सांगते.

आधी पाळणाघराच्या ताईंशी बोला, आणि पहिले वाक्य असे असू द्या, "ताई, धुणं तुमच्याकडे नाही." निम्मा विरोध तिथेच संपतो. त्यांनी फक्त बदलायचे, धुवायचे आपण.

गाठीचे लंगोट पाठवू नका. दहा मुलांत ताईंना गाठ मारत बसता येत नाही. बटणांची चड्डी आणि आत सुती घडी, असे तयार कापडी डायपर आता सहज मिळतात. ते सकाळीच घड्या घालून तयार ठेवा, म्हणजे ताईंना डायपर बदलण्याइतकाच वेळ लागतो. नवे असतील तर आधी चार-पाच वेळा धुऊन वाळवा. जुनेराचा धडा तोच आहे.

दर दोन-तीन तासांनी बदलायचे, म्हणजे नऊ ते सहा या वेळेला चार लागतील. दोन जादा ठेवा. प्रत्येकावर एकाच रंगाच्या दोऱ्याची खूण करा, मुलांची अदलाबदल होत नाही. वर मलमलीचा पातळ तुकडा घाला. शी झाली तर ती तुकड्यासकट उचलून संडासात झटकता येते.

दोन पिशव्या द्या, एक कोऱ्यांची आणि एक वापरलेल्यांची. इथे आपल्या मैत्रिणी विचारतात, आठ तास ओल बंद पिशवीत ठेवायची का? नको. पाळणाघराच्या मागे दोरी असेल तर लघवीचे बाळोते पिळून तिथेच टाकायला सांगा, आपल्या उन्हात ते वाळून जाते. शीचे तेवढे गुंडाळून पिशवीत. घरी आल्या आल्या पिशवी रिकामी करा, उद्यावर टाकू नका. बादलीत भिजत ठेवण्याची जुनी सवयही सोडा. ओल तर साठतेच, आणि रांगत्या बाळासाठी भरलेली बादली जीवघेणी असते.

धुताना आधी गार पाण्यात खळबळून घ्या, मग गरम पाणी आणि थोडा साबण. साबण जास्त झाला तर तो कापडात राहतो आणि बाळाला पुरळ येते. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव घालू नका, त्याने कापड पाणी शोषायचे थांबते. शेवटच्या खळबळीचे पाणी संडासात किंवा फरशीला वापरा. वाळवायचे मात्र उन्हातच.

बाळाला जुलाब लागले, मुसळधार पावसात चार दिवस ऊन नाही, शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनाला निघालात, तर त्या दिवशी डायपर वापरा. शी संडासात झटका, डायपर कागदात गुंडाळून वर खूण करा, वेगळा द्या. रोजचे चार वाचले तर आठवड्यातल्या दोनाचे ओझे मनावर घेऊ नये.

आणि शेवटची गोष्ट, सगळ्यांत महत्त्वाची. भाचीच्या घरी संध्याकाळची पिशवी जावई रिकामी करतो. ती स्वयंपाकाला लागते, तो बाळोती खळबळून यंत्रात टाकतो. सकाळी दोरीवरून काढून घड्या घालतो. सुरुवातीला त्याच्या आईला ते खटकले. मग म्हणाल्या, "बरंय, आमच्या वेळी कुणी केलं नाही."

१९४८ च्या कायद्याने धुण्याची जबाबदारी कारखान्याच्या मालकावर टाकली होती. घरात ती कुणावर टाकायची याचा कायदा नाही. २०१७ च्या सुधारणेने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कचेऱ्यांना पाळणाघराची सोय सक्तीची केली. तुमच्या बँकेत, कॉलेजात तेवढी माणसे असतील तर लेखी मागणी करा, आणि मागताना पाण्याची आणि दोरीची जागाही मागा. जिथे ते नाही, तिथे घराने वाटून घ्यायचे. सुनेला "तुम्हाला कसं जमत नाही" विचारण्याआधी आपल्या वेळी किती हात होते ते मोजून पाहू, आणि आज त्यातले किती देता येतील तेवढे देऊ.

तुमच्याकडे पावसाळ्यात बाळोती वाळवायची काही युक्ती असेल तर जरूर कळवा. नव्या आयांना उपयोग होईल.

जय जिनेंद्र.